परसबागेसाठी ओसरीतील रोपे
मृगाच्या जोरदार सरींनी उघड्या वाफ्यातील वांगी-मिरचीचे बारीक बी वाहून जाते. म्हणून शाळेच्या ओसरीत, तळाला भोके पाडलेल्या खोक्यात रोपे तयार करणे इष्ट. माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग मिसळून बी सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. ८ ते १० दिवसांत अंकुर दिसू लागतात आणि खरी कसोटी तेव्हाच लागते. पाणी घालण्याची हौस प्रत्येक मुलास असते. परंतु ओल साचली की बुरशीने कोवळी खोडे मातीलगत सडतात व रोपे एका रात्रीत आडवी होतात. मुलांचा पुढील उत्साह मावळतो तो बहुधा येथेच. शिक्षकांनी पाण्याचे काम रोज एकाच मुलाकडे सोपवावे. त्याने बोटाने माती चाचपावी व वरचा थर सुकला असेल तरच झारीने शिंपडावे. अंकुर दिसताच खोके उजेडाकडे सरकवावे. सुमारे ५ आठवड्यांनी, ढगाळ दिवशी वा सायंकाळी, रोपे घरच्या परसात लावण्यासाठी मुलांना वाटून द्यावीत.