सरासरीच्या आकड्याआड राहणाऱ्या पोकळ्या

विमानाच्या रचनेत वापरल्या जाणाऱ्या संमिश्र पदार्थात कार्बन तंतूंचे थर इपॉक्सी रेझिनने एकजीव केलेले असतात; त्या थरांत हवा, ओलावा किंवा वाफ अडकून ज्या सूक्ष्म मोकळ्या जागा उरतात त्यांना पोकळ्या म्हणतात, आणि त्या किती व कोठे चालतील हे सांगणारा नियम म्हणजे स्वीकृती निकष. महत्त्वाच्या भागांसाठी ही मर्यादा अनेकदा घनफळाच्या 1 ते 2 टक्के धरली जाते. तंतूंच्या दिशेने बसणारी ओढ तंतूच पेलत असल्याने तेथे पोकळ्यांचा परिणाम अल्प असतो. परंतु थरांना एकमेकांवरून सरकवणारे बल रेझिनला सोसावे लागते, आणि जड (Judd) व राइट (Wright) या संशोधकांच्या 1978 मधील आढाव्यानुसार पोकळ्या सुमारे 4 टक्के होईपर्यंत दर 1 टक्क्यामागे ते सोसण्याची ताकद जवळपास 7 टक्क्यांनी घटते.

प्रस्तुत लेखकाने एका वळणदार भागासाठी निकष लिहिताना सरासरी 2 टक्क्यांची अट पुरेशी मानली आणि तपासणीचा नमुना सपाट कडेतून घेण्यास मान्यता दिली, ही त्याची चूक होती. कारण पुढे वळणाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता पोकळ्या तेथेच, एका थरसंधीत दाटलेल्या आढळल्या, आणि वळण उलगडू पाहणारा भार नेमका तेथेच थर विलग करतो. उणे 18 अंशांत साठवलेल्या प्रीप्रेगची, म्हणजे रेझिन आधीच भिनवलेल्या तंतुपटाची, पिशवी थंड असतानाच उघडल्याने त्यावर दव धरले होते, आणि साच्याच्या कोपऱ्यात ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखाली भाग तापवणाऱ्या भट्टीचा, दाब पुरता न पोचल्याने त्या ओलाव्याची वाफ दबली नाही.

म्हणून निकषात सरासरीसोबत प्रत्येक विभागाची वेगळी मर्यादा, एका पोकळीचा कमाल आकार आणि मोजणीची पद्धत नमूद असावी. आम्लाने रेझिन विरघळवून केलेल्या मोजणीत घनतेची किंचित चूकही उत्तर उणे आणू शकते, तर अल्ट्रासॉनिक तपासणीचा अर्थ त्याच पदार्थाच्या, त्याच जाडीच्या आणि ज्ञात पोकळ्यांच्या संदर्भ नमुन्याशी ताडल्याविना लागत नाही. मर्यादा ठरवताना मुद्दाम पोकळ्या ठेवलेले नमुने, ओलावा शोषलेल्या व उष्ण स्थितीतही, मोडून पाहावेत.

सर्वाधिक भाराची जागा जो निकष तपासत नाही, त्याच्या आधारे कोणताही भाग स्वीकारू नये.