कोणत्या फुलोऱ्याचा?

१. मध नुसता गोड नसतो, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. आमच्याकडे मध म्हणजे औषध: खोकला झाला की आल्याच्या रसात नाहीतर सितोपलादीत कालवून द्यायचं चाटण. चव घ्यायला कोण थांबतंय? लग्नानंतर सुरतेत, उधन्यात आले. घारी मिठाईच्या या गावात राहून गोडाची पारख आपल्याला आलीच आहे, असं वाटायचं.

२. चव बिघडली म्हणून मध वाईट ठरत नाही. वघईहून सापुताऱ्याला जाताना रस्त्याकडेला एका डांगी बाईंकडून मध घेतला. चाखला तर कडवट. भेसळ आहे, असं मी तोंडावर बोलून गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, जांभळाचा आहे. डांगी बोली मराठीला इतकी जवळची, की न समजल्याची सबबही मला नव्हती. पुढे महाबळेश्वरचा जांभळाचा मध चाखला, तेव्हा तीच तुरट कड जिभेच्या मुळाशी पुन्हा भेटली. त्या बाईंची माफी मागायची मात्र राहून गेली.

३. पारखण्याच्या नादात चाखणं राहतं. पाण्यात थेंब सोडा, कापसाची वात भिजवून पेटवा, सगळं केलं. या घरगुती परीक्षांनी भेसळ खात्रीनं कळत नाही.

४. थिजलेला मध खराब नसतो. पोंकाच्या, म्हणजे हुरड्याच्या दिवसांत, थंडीत, बाटलीत रवा धरला आणि साखर मिसळली म्हणून मी ती ओतून दिली. खरं तर मधातलं ग्लुकोजच कण धरतं. मोहरीचा मध तर फार लवकर थिजतो. आता बाटली कोमट पाण्यात ठेवते किंवा तो रवाळ मध तसाच भाकरीला लावते. उकळत मात्र नाही, वास उडून जातो.

५. माशीही विचारावी. सातेरी पेटीत नांदते. आग्या कड्यावर, उंच झाडावर उघडं पोळं बांधते, पेटीत राहत नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं, ते पेटीतल्या माशांच्या जिवावर. पण माशी असली तरी फूल हवं, आणि कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. तिचा मध मी अजून चाखलेला नाही.

६. दोन मध शेजारी ठेवल्याशिवाय एकही कळत नाही. आधी वास, मग अर्धा चमचा जिभेवर, मग पाण्याचा घोट, मग दुसरा. ओव्याच्या मधाचा झणका मला असाच सापडला. बाटली घेताना भाव नंतर विचारा. आधी विचारा, कोणत्या फुलोऱ्याचा आणि कोणत्या महिन्यातला?