वॉरंटाविना अटक आणि झडती : अधिकार व मर्यादा

गावात चोरी वा मारामारी झाली की पोलीस येतात, कोणाला तरी ताब्यात घेतात, एखाद्या घराची झडती होते. वॉरंट नसल्यामुळे अशी कारवाई बेकायदा ठरते, असा एक समज आहे. पोलिसांना कोणालाही, केव्हाही पकडता येते, हा दुसरा. दोन्ही समज चुकीचे आहेत.

अटकेचा अधिकार

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्या कलम ३५ नुसार दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना वॉरंटाविना अटक करता येते. तथापि, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात केवळ तक्रार आली, एवढे कारण पुरत नाही. संशयित पुरावा नष्ट करील, साक्षीदारांवर दडपण आणील, यांसारखी सबळ कारणे असावी लागतात व ती लेखी नोंदवावी लागतात. तशी गरज नसल्यास हजर राहण्याची नोटीस द्यावयाची असते. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादातही महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेणे आवश्यक असते.

अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे, ही बंधने संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच घातलेली आहेत. १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना सूचना व वैद्यकीय तपासणी यांविषयी निर्देश दिले. मुंबईतील एका मोटार-अपघाताच्या प्रकरणातून ६ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या निर्णयानुसार, अटकेची कारणे अटक झालेल्यास समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात.

चोरास प्रत्यक्ष चोरी करताना पकडणाऱ्या ग्रामस्थांनाही कायद्याचे संरक्षण आहे. परंतु त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. मारहाणीचा अधिकार कोणासही नाही.

झडती आणि पंच

वॉरंट आणण्यात अक्षम्य विलंब होणार असेल, तर कलम १८५ खाली तपास अधिकारी आपली कारणे लेखी नोंदवून झडती घेऊ शकतो. त्या नोंदींच्या प्रती अठ्ठेचाळीस तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जाव्या लागतात. झडतीचे ध्वनिचित्रमुद्रणही आता अनिवार्य आहे.

येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांचा संबंध येतो, कारण पंच म्हणून बहुधा त्यांनाच बोलावले जाते. परिसरातील किमान दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित व्यक्तींसमक्ष झडती व्हावयास हवी. घरमालकास हजर राहण्याचा व जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळण्याचा हक्क आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यावयाची असते. पंचाने डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावरच सही करावी. कोऱ्या कागदावर कदापि करू नये. लेखी आदेश मिळूनही सबळ कारणावाचून पंच होण्यास नकार देणे हा मात्र गुन्हा आहे.

झडतीत दोष राहिला म्हणून सापडलेला मुद्देमाल आपोआप निरुपयोगी ठरत नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध नटवरलाल सोनी या तस्करीच्या सोन्यासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. म्हणूनच प्रारंभीची दक्षता महत्त्वाची.

परभणीचा अनुभव

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले व अनेकांना अटक झाली. त्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या मातेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

अटक कायदेशीर असली तरी अटकेतील माणसाच्या जीविताची जबाबदारी शासनाचीच असते. अटकेची वेळ, कारण, साक्षीदाराची सही, वैद्यकीय तपासणी या नोंदी चोख असतील, तर निरपराध नागरिकाचे रक्षण होते आणि प्रामाणिक अधिकाऱ्याचेही. ग्रामसभेत व शाळेत ही माहिती सांगितली जावी. कुटुंबातील कोणास अटक झाल्यास मोफत सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनाविलंब जावे.