गीत कोणाचे, कमाई कोणाची?

उधना–जळगाव लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेला आली. पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या भागांत कापडधंद्याच्या गडबडीतही मराठी आणि अहिराणी बोल कानी पडतात. पूर्वी गावाकडचे गीत कोणाच्या तरी पिशवीतून, ध्वनिफितीच्या रूपाने येथे पोहोचे. आज धुळ्यातील एखाद्या खोलीत सकाळी मुद्रित झालेले गीत सायंकाळी पर्वत पाटियाच्या लग्नमांडवात वाजू शकते. अंतर मिटले, पण गाणाऱ्याच्या पदरी काय पडले? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

तबकडी आणि ध्वनिफीत

१९०२ साली कलकत्त्यात गोहरजानचे गायन तबकडीवर मुद्रित झाले. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. यंत्रे, कारखाना व दुकाने कंपनीच्या हाती असल्याने कोणाला संधी द्यायची हेही कंपनीच ठरवी. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. १९८०च्या दशकात ती आपल्याकडे स्वस्त झाली आणि बोलीगीतांनाही बाजार मिळाला. मात्र गायकाला बहुधा एकदाच बिदागी मिळे; चोरट्या प्रतींच्या विक्रीतून तर त्याला काहीच मिळत नसे.

अंकांचे तंत्र

डिजिटल पद्धतीत ध्वनीचे अंकांत रूपांतर होते. सीडीसाठी एका सेकंदात ध्वनीची ४४,१०० मोजमापे घेतली जातात. फितीवरून फीत काढली की खरखर वाढते. अंकांची नक्कल मात्र मुळाबरहुकूम उतरते आणि तिला खर्चही जवळजवळ येत नाही. आजवर किंमत होती ती प्रतीला. प्रतच फुकट झाल्यावर विक्रीचा पायाच ढासळला. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या नॅपस्टरने हे जगाला दाखवून दिले.

यातून नवी व्यवस्था आली. यूट्यूब २००५ मध्ये निघाले, स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आले. येथे श्रोता गीत विकत घेत नाही, केवळ ऐकतो. वर्गणी व जाहिरातींच्या उत्पन्नातून सेवा आपला वाटा ठेवते आणि उरलेली रक्कम साधारणपणे ऐकण्याच्या प्रमाणात वाटली जाते. समजा, वाटायची रक्कम एक लाख रुपये आहे आणि सर्व गीते मिळून दहा लाख वेळा ऐकली गेली. मग हजार वेळा ऐकलेल्या गीताच्या वाट्याला शंभर रुपये येतील. तेही थेट गायकाला नव्हे, तर त्या गीताचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना!

कायदा काय सांगतो?

एका गीतात निरनिराळे हक्क असतात. शब्द व चाल यांचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला होता. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क सुरक्षित झाला. हा हक्क त्यांना वारसांखेरीज किंवा प्रताधिकार संस्थेखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. गायक-वादकांनाही व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण हक्क पुस्तकात असणे वेगळे आणि पैसा हाती पडणे वेगळे. त्यासाठी गीतकार-संगीतकाराने १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थेचे सभासद व्हावे लागते आणि आपली गीते नोंदवावी लागतात.

जळगाव जिल्ह्यातून पुढे आलेल्या संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' हे गीत २०२४ मध्ये चित्रपटाच्या आधाराविना सर्वदूर गाजले. दार उघडले आहे, याचा हा पुरावा होय. परंतु दार उघडणे म्हणजे घर आपले होणे नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांनी गायिलेल्या लग्नगीतांवर कोणा एकाची मालकी नाही. ती कोणीही गावीत. मात्र त्यांच्या प्रत्येक नव्या ध्वनिमुद्रणाला मालक असतो. तो मालक कोण, हे कराराच्या कागदावर ठरते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या गाईल, कोणी गीते लिहील. सुरांचा रियाज जरूर करावा. पण सही करण्यापूर्वी कागद वाचण्याची सवयही लावून घ्यावी. एरवी गीत घरोघरी पोहोचेल आणि गाणारा मात्र पूर्वीसारखाच बिदागीवर समाधान मानील.