उवेची साक्ष

मुलांनो, पाठाचे नाव वाचून तुमच्यापैकी काहींचा हात नकळत डोक्याकडे गेला असेल. काही जण शेजाऱ्याकडे पाहून हसलेही असतील. ऊ म्हटली की असेच होते. मधमाशीवर पाठ असतो, मुंगीचे तर आपण गोडवे गातो. पण उवेचे नाव काढणेही असभ्य मानले जाते. मीही एके काळी असेच मानत होतो, आणि त्यापायी माझ्या हातून एक अन्याय घडला. तो प्रथम सांगतो.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत शिक्षक होतो. एके दिवशी स्वच्छतेची तपासणी चालू असता पाचवीतल्या एका मुलीच्या केसांत मला ऊ दिसली. मी तिला सर्वांदेखत दाराजवळ वेगळे बसवले आणि घाणेरडेपणाविषयी वर्गाला चार शब्द ऐकवले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा लोटला, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. अंगणात तिची आजी तिला पुढ्यात घेऊन फणीने तिचे केस विंचरीत होती. मला पाहून आजी शांतपणे म्हणाली, “गुरुजी, पोरीचं डोकं मी रोज विंचरते. पोरी डोक्याला डोकं लावून खेळतात. ऊ काय घर विचारून येते?”

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे वाचन करता करता ते मिळाले. ते इतके दूरवरचे आणि इतके जुने निघाले की मी थक्क झालो.

इस्रायल देशात लाखीश नावाचे एक प्राचीन नगर होते. तेथील उत्खननात हस्तिदंताची एक लहानशी फणी सापडली. लांबीला ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर आहे. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे ती सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची असावी. तिच्यावर सतरा बारीक अक्षरे कोरलेली असून त्यांचे वाचन २०२२ साली प्रसिद्ध झाले. या हस्तिदंताने केसांतील व दाढीतील उवांचा नायनाट व्हावा, अशी इच्छा त्या अक्षरांत व्यक्त झाली आहे. तेथील कनानी लोकांच्या वर्णमालेतील आजवर सापडलेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य होय, असे विद्वान मानतात. फणीच्या दात्यावर उवेचे अवशेषही आढळले. हस्तिदंत ही श्रीमंतांची वस्तू. म्हणजे त्या काळीही ऊ घर विचारून येत नव्हती.

आता या जीवाची थोडी ओळख करून घेऊ. डोक्यातील ऊ दोन-तीन मिलिमीटर लांबीची असते. तिला सहा पाय असतात. प्रत्येक पायाच्या टोकाला केस घट्ट पकडणारी नखी असते. तिला पंख नाहीत आणि तिला उडीही मारता येत नाही. एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाणे एवढेच तिला साधते. म्हणून डोक्याला डोके लागले की तिला वाट मिळते. मादी आपली अंडी, म्हणजे लिखा, केसाच्या मुळाशी चिकटवते. सात ते दहा दिवसांत त्यांतून पिले बाहेर पडतात. माणसाचे रक्त हेच तिचे अन्न. डोक्यावरून खाली पडली, तर ती एक-दोन दिवसांतच मरते. केस स्वच्छ आहेत की मळलेले, याच्याशी तिला कर्तव्य नसते.

माणसाला सोडून जगता येत नसल्यामुळे, माणूस जेथे गेला तेथे ती त्याच्याबरोबर गेली. म्हणूनच माणसाच्या प्रवासाची ती साक्षीदार ठरली आहे. पण ही मुकी साक्ष वाचायची कशी?

छापखाने नव्हते, तेव्हा पोथ्या हातांनी उतरून घेत असत. लेखकाकडून एखादे अक्षर चुके. पुढचा लेखक ती चूक तशीच उतरवी आणि स्वतःची एक भर घाली. अशा अनेक प्रती ताडून पाहूनच संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. सर्व सजीवांच्या पेशींतही अशीच एक पोथी असते. तिला आनुवंशिक द्रव्य किंवा डीएनए म्हणतात. पिढ्यानुपिढ्या तिची नक्कल होत असता तिच्यात लहान लहान फरक साचत जातात. दोन उवांच्या पोथ्यांत फरक थोडे असतील, तर त्यांचा पूर्वज अलीकडचा. फरक फार असतील, तर तो फार प्राचीन.

अशा रीतीने शास्त्रज्ञांनी जगभरच्या उवा ताडून पाहिल्या. आईकडून येणाऱ्या आनुवंशिक द्रव्यावरून त्यांची निरनिराळी घराणी ठरवण्यात आली आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी नावे देण्यात आली. ‘ए’ घराणे जगभर पसरलेले आहे. ‘सी’ घराण्याची ओळख प्रथम इथिओपिया व नेपाळ येथील उवांवरून झाली. ‘ए’ आणि ‘बी’ या घराण्यांची ताटातूट सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी झाली असावी, असा एक अंदाज आहे. त्या काळी आजच्यासारखा माणूस अस्तित्वातच नव्हता! तेव्हा ‘बी’ घराण्याच्या उवा दुसऱ्या एखाद्या प्राचीन मानवजातीच्या डोक्यावर वाढल्या आणि पुढे त्या मानवांशी आपल्या पूर्वजांची गाठ पडली तेव्हा इकडे आल्या, असे काही संशोधकांचे मत आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मृतदेहांच्या केसांत ‘ए’ घराण्याच्या उवा सापडल्या. कोलंबस अमेरिकेस पोहोचला तो १४९२ साली. उवा तेथे त्याच्या कितीतरी आधी पोहोचल्या होत्या.

उवेने आणखी एक साक्ष दिली आहे. डोक्यातील उवेची एक बहीण कपड्यांच्या शिवणीत राहते आणि तेथेच अंडी घालते. माणूस कपडे वापरू लागल्याखेरीज ती जन्माला येणे शक्य नव्हते. तेव्हा या दोघींची ताटातूट केव्हा झाली हे काढले, म्हणजे माणसाने वस्त्र केव्हा अंगावर घेतले हेही कळेल. २००३ साली जर्मनीतील संशोधकांनी हा काळ सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीचा ठरवला. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी तो निदान ८३,००० व कदाचित १,७०,००० वर्षे इतका मागे नेला. ते पहिले कपडे केव्हाच मातीस मिळाले. साक्ष उरली ती उवेची.

ऊ स्वतःदेखील एकटी नसते. तिच्या पोटात रीसिया नावाचे जीवाणू वास करतात. रक्तात काही जीवनसत्त्वे पुरेशी नसतात. ती हे जीवाणू उवेला तयार करून देतात. त्यांच्यावाचून ऊ जगू शकत नाही. मादी अंडी घालते, तेव्हा आपल्या बाळांना ही शिदोरी अंड्यातच बांधून देते. चिंपांझीच्या उवेच्या पोटातही या जीवाणूंचे भाईबंद आढळतात, इतकी ही सोबत जुनी आहे.

पण सर्वच जीवाणू असे उपकारक नसतात. टायफस नावाच्या भयंकर तापाने एके काळी सैन्येच्या सैन्ये गारद केली. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील ट्यूनिस शहरात शार्ल निकोल नावाचे फ्रेंच वैद्य होते. रुग्णालयाच्या दारापर्यंत हा रोग एकाचा दुसऱ्याला होतो, रुग्णांचे कपडे हाताळणाऱ्यांनाही होतो. पण रुग्णाला स्नान घालून त्याचे कपडे बदलले, की आत तो कोणालाच होत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. मग दोष कपड्यांतच असला पाहिजे! १९०९ साली त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले की हा रोग कपड्यांतील उवा पसरवतात. या शोधाबद्दल त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या रोगाच्या जीवाणूचा शोध घेता घेता रिकेट्स १९१० साली आणि प्रोवाझेक १९१५ साली त्याच रोगाला बळी पडले. त्या दोघांच्या स्मरणार्थ जीवाणूला ‘रिकेट्सिया प्रोवाझेकी’ हे नाव मिळाले. हा जीवाणू उवेलाही मारतो.

डोक्यातील उवांतही काही देशांत रोगजंतूंच्या खुणा आढळल्या आहेत, आणि संशोधक त्यांवर लक्ष ठेवून आहेत. तथापि डोक्यातील उवांमुळे शाळकरी मुलांत असा रोग पसरतो, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून ऊ सापडली तर घाबरू नये, आणि लपवूही नये. घरी सांगावे, ओल्या केसांतून बारीक फणी काही दिवस नेमाने फिरवावी, घरातील सर्वांची डोकी पाहावीत. रॉकेल मात्र कधीही लावू नये. औषध वैद्यांना विचारूनच घ्यावे. कारण एकच औषध वारंवार वापरल्याने ते सहन करणाऱ्या उवा तेवढ्या उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. फणीपुढे मात्र कोणत्याच घराण्याची मात्रा चालत नाही.

आता त्या मुलीकडे वळू. दुसऱ्या दिवशी आजी तिला घेऊन शाळेत आली. त्या दिवशी मी एकीचेच नव्हे, तर सर्व मुलांचे केस तपासले. अकरा जणांच्या डोक्यांत उवा निघाल्या. वर्ग स्तब्ध झाला. माझी मान खाली गेली. मी सर्वांसमक्ष त्या मुलीची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. दाराजवळची आपली पाटी उचलून मैत्रिणींमध्ये आपल्या जागी जाऊन बसली.

लाखो वर्षे ऊ माणसाबरोबर चालत आली. राजा-रंक, गोरा-काळा असा भेद तिने कधी केला नाही. तो आपण केला, तर तिच्याहून लहान ठरू.

शब्दार्थ
उत्खनन – जुने अवशेष शोधण्यासाठी केलेले खोदकाम. ताडून पाहणे – एकमेकांशी जुळवून तपासणे. शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. गारद करणे – नष्ट करणे. मात्रा न चालणे – उपाय निष्फळ होणे.

स्वाध्याय
१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) लाखीश येथील फणीवरून कोणत्या दोन गोष्टी समजतात?
(आ) उवांच्या अभ्यासावरून माणसाने वस्त्र केव्हा वापरले हे कसे ठरवता येते?
(इ) रीसिया आणि रिकेट्सिया या जीवाणूंत कोणता फरक आहे?
२. ‘ऊ काय घर विचारून येते?’ हे वाक्य कोणी, कोणास व का म्हटले?
३. पोथीची नक्कल आणि आनुवंशिक द्रव्य यांतील साम्य आपल्या शब्दांत सांगा.
४. गोडवे गाणे, थक्क होणे, मान खाली जाणे – यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. ‘ऊ’ या शब्दाचे अनेकवचन लिहा. ‘उवेने, उवेची, उवांत’ या रूपांतील विभक्ती ओळखा.