देशसंकेताचा अधिकार : निवास, नागरिकत्व आणि भाषा

इंटरनेटवरील नावाच्या अखेरीस येणारा देशसंकेत कोणास वापरता यावा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे. तथापि त्याचे उत्तर देताना नियमकर्त्यास ‘आपला कोण’ याची व्याख्या करावी लागते. भारताने २००५ मध्ये ‘.इन’ हा संकेत जगातील सर्वांस खुला केला, कॅनडाच्या ‘.सीए’साठी मात्र त्या देशाशी विहित संबंध असावा लागतो.

या दृष्टीने युरोपीय संघाच्या ‘.ईयू’ या संकेताचा इतिहास उद्बोधक आहे. २००२ च्या विनियमानुसार व्यक्तीपुरता निकष संघाच्या प्रदेशातील निवास हा होता. पॅरिसनिवासी भारतीय त्यामुळे पात्र ठरे आणि मुंबईनिवासी फ्रेंच नागरिक अपात्र. २०१९ च्या विनियमाने निवासाचा निकष कायम ठेवून त्यास नागरिकत्वाच्या पर्यायाची जोड दिली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून संघाचा नागरिक, तो कोठेही राहत असो, पात्र झाला.

ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर या व्यवस्थेची कसोटी लागली. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाल संपताच सुमारे ८० हजार नावे निलंबित झाली. २०२२ च्या आरंभी त्यांतील अनेक नावे इतरांस उपलब्ध करून देण्यात आली. लंडनमधील आयरिश नागरिक आपले नाव राखू शकत होता. त्याच्या ब्रिटिश शेजाऱ्यास ती मुभा नव्हती. दोघांचेही घर वा लेखन बदलले नव्हते. बदलली होती ती राजकीय सीमा.

याहून भिन्न निकष भाषेचा. २००५ मध्ये मान्यता मिळालेला ‘.कॅट’ हा देशसंकेत नव्हे; कॅटलन भाषिक व सांस्कृतिक समुदायाशी असलेले नाते हीच तेथील पात्रता. म्हणून स्पेनबाहेरील, फ्रान्समधील पर्पिन्यांचा किंवा सार्डिनियातील आल्गेरोचा कॅटलन लेखकही त्यात सामावतो.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकास हे तिन्ही निकष परके नाहीत. साहित्य अकादेमीच्या वार्षिक पुरस्कारासाठी ग्रंथाची भाषा पाहिली जाते, तसेच लेखकाचे भारतीय नागरिकत्वही. परदेशाचे नागरिकत्व स्वीकारलेला मराठी लेखक त्या कक्षेबाहेर जातो. त्याचा ग्रंथ मात्र मराठीच राहतो. संस्थेला पात्रतेची रेषा कोठेतरी आखावीच लागते, आणि ती आखण्याचा तिला अधिकारही आहे. परंतु तीच रेषा वाङ्मयेतिहासाने आपली सीमा म्हणून स्वीकारली, तर भाषेतील लेखन भाषेच्याच इतिहासातून वगळले जाईल. पात्रतेचा नियम आणि साहित्याची व्याप्ती यांचा विचार म्हणूनच स्वतंत्रपणे व्हावयास हवा.