अंगणातलं कोरडवाहू गवत

प्रश्न : सिंदी (रेल्वे)ला आमचं घर आहे. घरासमोर साधारण हजार चौरस फुटांवर गेल्या पावसाळ्यात लॉन लावून घेतलं. फवारे, ठिबक, पाइपलाइन असं काही नाही. नळ एक दिवसाआड येतो आणि विहीर एप्रिल लागला की तळाला जाते. आता सगळं गवत पिवळं पडलं आहे. पुतण्या म्हणतो, युरिया टाका, वरून बादलीनं पाणी मारा, आठ दिवसांत हिरवंगार होतं. मे महिन्यात घरी मुलीचं साक्षगंध आहे. खत कोणतं द्यावं, किती आणि कधी? आणि पाण्याची सोय नसताना लॉन ठेवावंच का?
— एक वाचक, सिंदी (रेल्वे), जि. वर्धा

उत्तर : आधी पुतण्याच्या हातातला युरियाचा डबा काढून घ्या, मग पुढचं वाचा.

युरियात 46 टक्के नत्र असतं, पण ते मुळांना मिळायला पाणी लागतं. कोरड्या जमिनीवर युरिया टाकून बादलीनं वरवर शिंपडलं, तर दाणा फक्त विरघळतो, खाली मुरत नाही. वरच्या वर त्याचा अमोनिया होतो आणि हवेत उडून जातो. आपली काळी माती चुनखडीची, सामू बहुधा आठच्या आसपास. अशा जमिनीत हे उडून जाणं अधिकच. टाकल्यानंतर दोन-तीन दिवसांनी नाकाला झणका आला, तर समजावं की पैसे वाऱ्यावर चालले. जे थोडं मातीत राहतं ते मुळांजवळ क्षार वाढवतं, आणि आधीच तहानलेल्या मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं. मग जागोजागी तपकिरी डाग पडतात. दाण्यांचा ढीग जिथे पडला तिथला डाग तर पावसाळ्यापर्यंत जात नाही.

आता पिवळेपणाचं. नर्सरीवाल्यानं तुम्हाला बहुतेक ‘सिलेक्शन वन’ दिलं असेल. ते हरळीच्याच जातीतलं, म्हणजे केळझरच्या गणपतीला वाहतो त्या दूर्वेचंच भावंड. हरळी उन्हाळ्यात मरत नाही, झोपते. पानं वाळू देते आणि जीव जमिनीखालच्या कांड्यांमध्ये राखून ठेवते. खात्री करायची तर कडेचा मूठभर ठोंब खुरप्यानं मुळांसकट काढा. आडव्या पसरलेल्या काडीची साल नखानं खरवडा. आत पांढरट-ओलसर दिसलं तर जिवंत. तपकिरी आणि पोकळ, कुटारासारखं मोडणारं असेल तर मेलेलं. तरीही शंका राहिली तर तो ठोंब ताटलीत ओल्या मातीवर ठेवून सावलीत ठेवा. आठवड्याभरात पेरांवर हिरवे कोंब आले, की काळजी सोडा.

झोपलेल्या गवताला खत नको. हे एक वाक्य पाळलंत तर निम्मं काम झालं.

मग पाणी? हिशेब करून बघू. हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर. वर्ध्याच्या मे महिन्यात उघड्या हौदातून रोज दहा मिलिमीटरच्या वर पाणी उडतं. गवताला त्याच्या साठ टक्के जरी धरलं, तरी हिरवं ठेवायला रोज साडेपाचशे-सहाशे लिटर लागेल. जलजीवन मिशननं ग्रामीण भागात माणशी रोजचं पाणी धरलं आहे 55 लिटर. म्हणजे तुमचं अंगण दहा माणसांचं पाणी पिणार. नळ एक दिवसाआड येणाऱ्या गावात हे शोभत नाही आणि परवडतही नाही. गवत जगवायचं एवढंच असेल, तर तीन-चार आठवड्यांतून एकदा दहा-बारा मिलिमीटर पुरे, म्हणजे नऊशे ते अकराशे लिटर. तेही संध्याकाळी उशिरा, एकाच वेळी, सावकाश. रोज थोडंथोडं शिंपडणं सगळ्यात वाईट. त्यानं मुळं वरच्या दोन बोटांत येऊन बसतात आणि पहिल्याच कडक उन्हात भाजतात.

वापरलेलं पाणी देतात लोक. आंघोळीचं चालेल. कपडे धुण्याच्या साबणाचं देऊ नका. त्यातल्या सोड्यानं काळी माती आणखी चिकट आणि कठीण होते. वर पापडी धरते, पाणी मुरेनासं होतं. आणि आपल्याकडचा खास धोका म्हणजे कूलर. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार टाकीत मागे राहतात. टाकी साफ करताना उरलेलं गढूळ पाणी नेहमी एकाच कोपऱ्यात ओतलं, तर तो कोपरा पांढरा पडतो. मग तिथे का उगवत नाही म्हणून माणूस खत टाकतो.

इथपर्यंत सगळं नकारार्थीच झालं. आता काय करायचं ते.

तुमच्या गावच्या शिवारात हरभरा ओलीवर येतो. त्याला कोणी रोज पाणी देत नाही. भारी काळ्या जमिनीनं पावसाळ्यात साठवून ठेवलेली ओल तो थंडीत पितो. अंगणातल्या गवताकडे तसंच बघा. ते कोरडवाहू पीक आहे. त्याचं खत, कापणी, निंदण सगळं पावसाच्या हिशेबानं चालायला हवं. शहरातल्या पुस्तकांत ‘दर महिन्याला खत द्या’ असं लिहिलेलं असतं, ते बारमाही पाणी असणाऱ्यांसाठी.

तुमच्या जमिनीत एक मेख असू शकते, ती तपासा. नर्सरीतून लॉनच्या गाद्या येतात त्या पुष्कळदा तांबड्या मातीच्या थरासकट. तो थर काळ्या मातीवर नुसता पसरला असेल, तर मुळं वरच्या तीन-चार सेंटिमीटरमध्येच अडकतात आणि खालची ओल त्यांना मिळत नाही. गादीचा कोपरा उचलून बघा. सहज सोलून निघाला, तर मुळं खाली गेलेलीच नाहीत. त्याला खत हा उपाय नव्हे. पाऊस लागून जमीन मऊ झाली, पण पायाला चिकटेनाशी झाली, की सब्बलीनं वीतभर अंतरावर बोटभर रुंद, वीतभर खोल भोकं पाडा आणि त्यात चाळलेलं कुजलेलं शेणखत व जाड रेती भरा. उन्हाळ्यात जमिनीला ज्या भेगा पडतात त्यांतही हेच मिश्रण सारा. भेगा बुजवायला नुसती काळी माती टाकू नका. ती पहिल्या पावसात फुगते आणि जागा पुन्हा घट्ट होते.

खताचा पहिला हप्ता मृगाच्या पहिल्या सरीला द्यायचा नाही. सोयाबीन पेरायला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. तोच नियम इथे लावा. साधारणपणे आर्द्रा नक्षत्र संपत येतं, म्हणजे जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा. तोवर गवत आपलं आपण हिरवं होऊ लागलेलं असतं. आधी अर्धा सेंटिमीटर जाडीचा कुजलेल्या शेणखताचा किंवा गांडूळ खताचा थर द्या. हजार फुटांना पंचवीस-तीस घमेली लागतील. शेणखत खरोखर कुजलेलं हवं. कच्च्या शेणात काँग्रेस गवताचं बी असतं आणि हुमणीच्या अळ्याही. पहिल्या पावसात कडुनिंबाच्या, बाभळीच्या झाडावर संध्याकाळी भुंगेरे जमतात ना, तेच या अळ्यांचे आईबाप. लॉनखाली हुमणी शिरली की गवत सतरंजीसारखं गुंडाळता येतं, कारण मुळंच उरत नाहीत.

मग नत्र. चौरस मीटरला अडीच ग्रॅम नत्र एका वेळेला पुरे. तुमच्या हजार फुटांना म्हणजे अर्धा किलो युरिया, किंवा सव्वा किलोच्या आत-बाहेर अमोनियम सल्फेट. मी अमोनियम सल्फेटच्या बाजूचा आहे. त्यात गंधक मिळतं, आणि चुनखडीच्या जमिनीत मुळांजवळ थोडी आम्लता येते ती गवताला मानवते. खत कोरड्या रेतीत मिसळा. दोन वाटे करा. एक वाटा उभा फेका, दुसरा आडवा, म्हणजे पट्टे उमटत नाहीत. पानं कोरडी असताना फेका आणि आभाळाकडे बघून फेका: रात्रीतून मध्यम सर येईल असा दिवस हवा, ढगफुटीचा नको. स्फुरदासाठी वर्षातून एकदा, याच वेळी, सिंगल सुपर फॉस्फेट चालेल. पालाश आपल्या काळ्या जमिनीत सहसा पुरेसा असतो, विकत घेऊ नका. पण सांगोवांगीपेक्षा माती तपासून घेतलेली बरी. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, वर्ध्याहून लांब नाही.

दुसरा हप्ता पोळ्याच्या आसपास. तुमच्या गावचा तान्हा पोळा अख्ख्या विदर्भात नावाजलेला, तेव्हा तारीख विसरायचं कारण नाही. पण त्याआधी श्रावणात एक गंमत होते, ती समजून घ्या. पाच-सहा दिवसांची झड लागते आणि भर पावसात लॉन पिवळं पडतं. लोक चक्रावतात: उन्हाळ्यात पाणी नव्हतं म्हणून पिवळं, आता पाणी आहे तरी पिवळं! झडीत काळी माती पाण्यानं गच्च होते, तिच्यातली हवा निघून जाते. मग मातीतले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन निसटतं. शिवाय गुदमरलेल्या मुळांना लोह घेता येत नाही. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर लोहाची कमतरता. पूर्ण पान फिकट आणि जुनी पानं आधी पिवळी, तर नत्राची. लोहासाठी लिटरला पाच ग्रॅम हिराकस विरघळवून ढगाळ दिवशी फवारा. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. नत्रासाठी मात्र झड उघडून पाणी ओसरू द्या, मगच तो दुसरा हप्ता. साचलेल्या पाण्यात टाकलेलं खत नालीत जातं. अंगणाला रस्त्याच्या बाजूनं थोडा उतार आणि कडेला हातभर चर असेल, तर ही भानगड निम्म्यानं कमी होते. झडीत त्यावरून चालू नका, पोरांना खेळू देऊ नका. ओल्या काळ्या मातीवरचं एकेक पाऊल वाळल्यावर विटेसारखं घट्ट होतं.

तान्ह्या पोळ्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गणपती बसतात. दूर्वा अंगणातल्याच खुडणार असाल, तर खत नि फवारणी त्याआधी आठवडाभर थांबवा किंवा गणपती झाल्यावर करा.

तिसरा हप्ता उत्तरा नक्षत्रात, सप्टेंबरच्या मध्यानंतर, पाऊस अजून रेंगाळत असेल तरच. त्यानं मुळं खोल जातात आणि ओलीवर गवत डिसेंबरपर्यंत तग धरतं. पाऊस गेला असेल तर हप्ता सोडून द्या, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा. थंडीत हरळी मंदावते, तेव्हा रंग फिका दिसला म्हणून काही टाकायचं नाही.

कापणीत हात आखडता ठेवा. एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापा, आणि सप्टेंबरनंतर बोटभर उंच राहू द्या. उंच पात्याची सावली जमिनीवर पडते, ओल टिकते. कापलेलं बारीक गवत तिथेच पसरू द्या, ते फुकटचं नत्र आहे.

तणाबद्दल एकच सांगतो, पण कान देऊन ऐका. वावरातलं उरलेलं तणनाशक अंगणात आणू नका. ग्लायफोसेट हरळीलाही मारतं. रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी वापरतात, पण त्याचा वारा शेजारच्या पऱ्हाटीला लागला तर कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरल्यागत होतात, आणि मग भांडण ठरलेलं. मोथा आणि काँग्रेस गवत पावसात खुरप्यानं मुळासकट काढा. हजार फुटांचं निंदण दोन सकाळींचं काम आहे.

लॉन ठेवावं का? हजार फूट मला जास्त वाटतात. तीनशे ठेवा, बाकी जागेत पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज लावा आणि त्याखाली मुरूम पसरा. गवताच्या कडेनं वीतभर खोल विटांची ओळ मात्र गाडा, नाहीतर हरळी फुलझाडांत शिरेल. शेतकरी तिला शिव्या देतात ते उगाच नाही. गादी मेलेली निघाली, तर नवी विकत आणू नका. कुणाच्याही धुऱ्यावरून हरळी मागा, तो आनंदानं पोतंभर देईल. दोन-तीन पेरांचे तुकडे करून जुलैत वीतभर अंतरावर टोचा.

राहिलं साक्षगंध. मे महिन्यात ते अंगण हिरवं होणार नाही, आणि तेवढ्यासाठी टँकर मागवू नका. नागपूर-वर्ध्याकडची कित्येक ‘लॉन्स’ त्या दिवसांत हिरव्या चटईवरच लग्नं लावतात, कोणी वाकून बघत नाही. तुम्हीही मांडववाल्याकडून चटई घ्या, वर हिरवी जाळी ताणा. फक्त पाहुणे गेले की त्याच रात्री चटई उचलायला सांगा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिली तर तिच्याखाली गवत उकडून निघतं. आणि मांडवाचे खांब गाडलेले खड्डे मांडववाला बुजवत नाही, त्याच्या हिशेबातून पन्नास रुपये तेवढ्यासाठी मागे ठेवा.